सात किलो हवा

नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली अख्खी मिरची आईने मला पुण्याला पाठवली. मिरची पाच किलो, पावती बारा किलोची. तिचा फोन आला, "वरचे सात किलो कशाचे रे?"

उत्तर मला पाठ होतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची. बरेच कुरिअरवाले त्याला ५,००० ने भागतात. ५० × ४० × ३० म्हणजे ६०,०००, भागिले ५,००० म्हणजे १२. हे आकारमानाचं वजन आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. कारण हलका माल भरला की ट्रकमधली जागा आधी संपते. हीच ओळ मी ऑफिसात एका क्लायंटसाठी लिहिली होती. खोक्यात काय आहे, हे विचारायची गरजच पडली नव्हती.

"हवेचे," मी म्हणालो. ती गप्प झाली.

पुढच्या खेपेला तेवढंच खोकं आलं. मिरची दळलेली, म्हणून एका कोपऱ्यात मावलेली. बाकी जागेत तूरडाळ, ज्वारीचं पीठ, धडगावचा आमचूर. फोनवर म्हणाली, "पैसे बाराचेच घेतात ना? मग हवा कशाला पाठवू?"

मी खोकं काट्यावर ठेवलं. बरोबर बारा किलो.