मोकळ्या पिना

जुन्या पीसीच्या पाठीमागे पंचवीस भोकांचा एक पोर्ट असायचा. तो प्रिंटरसाठी होता. कॉलेजात असताना आमच्या घरी प्रिंटर नव्हता, त्यामुळे त्या पोर्टवर माझाच हक्क. लॅमिंग्टन रोडवरून डी-25 कनेक्टर, आठ एलईडी आणि थोडे रेझिस्टर आणले आणि राळेच्या धुरात डोळे चोळत सोल्डर केले. 2 ते 9 या पिना डेटाच्या, 18 ते 25 ग्राउंड. टर्बो सीमधून 378 हेक्स या पत्त्यावर 1 लिहिलं की पहिला दिवा, 255 लिहिलं की आठही. पडद्यावरचा आकडा तारेतून बाहेर येऊन उजेड पाडतो, हे पाहिलं आणि जे वेड लागलं ते आजवर उतरलेलं नाही.

पुढे ती वाट बंद झाली. विंडोज एक्सपी साध्या प्रोग्रॅमला थेट पोर्टला हात लावू देईना, लॅपटॉपवरून तर पोर्टच गेला. यूएसबी आली. प्रिंटरला ती सोयीची, पण तिच्यात नुसती तार खुपसून दिवा लागत नाही, पलीकडेही तिची भाषा बोलणारी चिप लागते. मी नोकरीत सॉफ्टवेअर लिहीत राहिलो. सोल्डरिंग आयर्न खणात पडून राहिलं.

29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक बाजारात आला. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही घटताहेत, हे त्याचे निर्माते एबन अप्टन यांनी पाहिलं होतं. ते स्वतः बीबीसी मायक्रोवर वाढलेले, आणि त्या 1981 च्या यंत्राला बाहेरची सर्किटं जोडायला यूजर पोर्ट होता. लोक पायच्या किमतीबद्दल बोलत होते. माझी नजर मात्र कडेला उघड्या उभ्या असलेल्या 26 पिनांवर खिळली होती.

2014 च्या बी प्लस मॉडेलमध्ये त्या 40 झाल्या आणि त्यांच्यावर बसणाऱ्या बोर्डांसाठी हॅटचं प्रमाण ठरलं. हॅटवर एक छोटी मेमरी चिप असते. पाय सुरू होताना 27 आणि 28 या पिनांवरून ती वाचतो आणि डोक्यावर कोण बसलंय, कुठल्या पिना त्याच्या, हे ओळखतो. मला ही रचना फार देखणी वाटते.

गावाकडच्या घरी गच्चीवरच्या टाकीची मोटर आईला रोज जिना चढून बघावी लागे. म्हणून मोटर चालू-बंद करायला मी पायवर रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसवायला घेतला. पायची पिन 3.3 व्होल्टची आणि जेमतेम 16 मिलिअँपिअर देणारी. रिलेच्या कॉइलला त्याच्या चौपट तरी प्रवाह लागतो, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर. कॉइलवर उलटा लावलेला डायोडही हवाच: रिले बंद होताना कॉइल उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज फेकते आणि डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर जातो. मोटर या रिलेवर थेट चालवायची नाही, रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, ओढायचा. 230 व्होल्टचं ते काम मी गावच्या वायरमनकडूनच करून घेतलं. आईचा जिना सुटला.

रिलेची तयार हॅट सहज मिळते, आणि ती वापरण्यात काही कमीपणा नाही. पण पहिला रिले प्रत्येकाने स्वतः जोडावा, असं माझं ठाम मत आहे. तो डायोड का, हे हातांना कळलं की पुढची प्रत्येक हॅट उघड्या पुस्तकासारखी वाचता येते.

असं हाताने करून पाहण्यासाठी देशभरच्या शाळांत 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. तुमच्या गावच्या शाळेत अशी लॅब असेल तर एकदा शिक्षकांना भेटा. तिथलं साहित्य मुलांच्या हातात पडतंय ना, विचारा. तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर शनिवारचा एक तास तिथे द्या.