पडल्याशिवाय

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असं आपण म्हणतो. ‘उतरल्याशिवाय’ का म्हणत नाही? सोमवारपासून हा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. पोहायला शिकणारं पोर एकेक पायरी उतरत खाली जायचं, शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचं, आणि मग कुणीतरी त्याला धरून आत घ्यायचं. शिकायला म्हणून कुणी पडायचं नाही. विहिरीत कुणी पडलं म्हटलं की सगळी वस्ती पळत सुटायची. तरी ज्याने म्हण केली त्याला ‘पडणं’च सुचलं.

मराठीत आपण किती ठिकाणी पडतो! पोटासाठी घराबाहेर पडतो. पडेल ते काम करतो. पैसे कमी पडतात, तोंड कोरडं पडतं, आणि महिनाभर रेटलं की सगळं अंगवळणी पडतं. यातलं बहुतेक आपण ठरवून करत नाही. ते आपल्या बाबतीत घडतं. ‘उतरणं’ मात्र ठरवून असतं. मग एखाद्या मुलीला आपण ‘पड’ म्हणतो, तेव्हा तिने नेमकं काय करावं अशी आपली अपेक्षा असते?

मला हे वाक्य ज्या दिवशी ऐकवलं गेलं तो दिवस 2007 च्या मे महिन्यातला. सांगलीत इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपवून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आले होते, डोंबिवलीला मावशीकडे उतरले होते. फोर्टमधल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे दोन महिन्यांची इंटर्नशिप. पगार नाही, प्रवासखर्च नाही, शेवटी प्रमाणपत्र. सोमवारी सकाळी मावशीने डबा दिला आणि फास्ट लोकलच्या लेडीज डब्यापाशी आणून सोडलं. डब्यात मी चढले असं म्हणता येणार नाही. मागच्या बायकांनी मला आत नेलं. पुढे कधीतरी शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘उतरणार कुठे?’’ व्हीटी म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘सॅक पुढं घे,’’ म्हणाल्या. मी घेतली. मग त्यांनी माझ्या ओढणीची दोन्ही टोकं धरली, छातीवरून तिरकी आणून कमरेपाशी करकचून गाठ मारली. ‘‘गाडीत लोंबतं काही ठेवायचं नाही.’’ दादरला त्या उतरल्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही. ती गाठ इतकी पक्की होती की रात्री मावशीला सेफ्टी पिनेने सैल करावी लागली.

व्हीटीच्या सबवेतून मी दोनदा चुकीच्या बाजूला वर आले. तिसऱ्यांदा बरोबर निघाले. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लाकडी जिना, आत गेल्यावर टेबलांवर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. साहेबांनी माझं पत्र पाहिलं, एका इमारतीच्या बीमचं बार बेंडिंग शेड्यूल समोर टाकलं, म्हणाले, ‘‘हे तपास. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.’’ आणि साइटवर निघून गेले. ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

बार बेंडिंग शेड्यूल म्हणजे कुठल्या जाडीची सळई किती लांब कापायची, कुठे वाकवायची, किती नग, एकूण वजन किती, याचा तक्ता. कॉलेजात मी बीमचं डिझाइन शिकले होते, परीक्षेत चांगले मार्कही होते. पण साइटवर स्टिरपला रिंगा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि हूकसाठी किती लांबी धरायची हे पुस्तकात वाचूनही हातात नव्हतं. तासभर मी त्या कागदाकडे नुसती पाहत होते. कोपऱ्यात एक वयस्क ड्राफ्ट्समन बसायचे. ते उठले, चहाच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहून माझ्यासमोर ठेवलं. व्यासाचा वर्ग भागिले 162. ‘‘बारा मिलिमीटरची सळई, बारा बारं एकशे चव्वेचाळीस, भागिले एकशे बासष्ट. मीटरला 0.89 किलो. सगळ्या सळयांना हेच. सुरू कर.’’ मी सुरू केलं. मधे एक शंका विचारली, त्यांनी सांगितली. दुसरी विचारली, तीही सांगितली. तिसरी विचारायला गेले तेव्हा ते चष्मा काढून म्हणाले, ‘‘आता तू बघ,’’ आणि चहाला खाली गेले.

ते ‘आता तू बघ’ मला अजून उलगडलेलं नाही. ते कंटाळले होते की शिकवत होते?

याचं उत्तर शोधताना मी दर वेळी विहिरीवर जाते. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला पोहायला शिकवलं. आमच्या भावकीत मुलींना विहिरीत उतरवायची पद्धत नव्हती. आबांना ती मान्य नव्हती. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते पांगाऱ्याचं लाकूड शोधायचे. पांगारा वजनाला हलका, वाळला की पाण्यावर तरंगतो. त्याचा बिंडा करून पाठीला बांधायचा आणि बैलाचा कासरा कमरेला. कासऱ्याचं दुसरं टोक आबांच्या हातात. ते पायरीवर उकिडवे बसायचे, वर आंब्याची सावली. मी पाण्यात हातपाय मारायचे. पाण्यात नवी असताना कान असे बंद होतात की वरचं काहीच ऐकू येत नाही. मला ऐकू यायचा तो फक्त माझाच श्वास. कासऱ्याला मधूनच हलकी ओढ लागायची, तेवढ्यावर कळायचं की आबा आहेत.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात बिंडा लहान झाला होता. आबांनी तो तासून कमी केला होता, हे मला नंतर कळलं. एक दिवस मी पलीकडच्या कपारीपर्यंत गेले, दगडाला हात लावला आणि मागे वळून पाहिलं, तर कासरा पाण्यावर सैल तरंगत होता. त्याचं टोक आबांच्या हातात नव्हतं. आबा तंबाखू मळत होते. ते पाहिलं आणि मी बुडाले. तोवर छान पोहत होते, पाहिलं आणि बुडाले. आबांनी उडी मारून मला वर काढलं. कासरा हातातून सुटला होता की त्यांनी सोडला होता, हे मी त्यांना कितीतरी वेळा विचारलं. ते दर वेळी हसायचे. 2011 साली ते गेले.

मग मी पोहायला शिकले ती कधी? कासरा हातात होता तेव्हा, की नव्हता तेव्हा? कपारीपर्यंत गेले तेव्हा मी पोहत होते आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा मला पोहता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरले आणि बिंड्याशिवाय पोहले, पण त्याचं श्रेय बुडण्याला द्यायचं की दोन उन्हाळ्यांच्या कासऱ्याला?

माझ्या चुलतभावाचं उलट झालं. त्याला त्याच्याच मित्रांनी काठावरून ढकललं. म्हणीप्रमाणे तोच खरा पाण्यात पडला. हातपाय मारत तो एकटाच पायरीला लागला, म्हणजे त्या घटकेला तो पोहलाच. पण त्यानंतर त्याने कधी पाण्यात पाय घातला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तो बायकोमुलांना बोटीत बसवून स्वतः गच्चीवर थांबला. बोट दोनदा परत आली. दोन्ही वेळा त्याने पाय उचलला नाही. पाणी ओसरेपर्यंत चुरमुरे खाऊन राहिला. पोहता येत होतं त्याला. एकदा तो पोहला होता.

म्हणून ही म्हण चुकीची आहे असं मला म्हणायचं होतं. पण ती नीट वाचली तर तीही सुटते. ती एवढंच सांगते की पडल्याशिवाय येत नाही. पडलं की येतं, असं ती कुठेच म्हणत नाही. ते आपण म्हणतो, घाईत असताना.

इंटर्नशिपच्या अशा दिवसांना आधीच्या पिढीत उमेदवारी म्हणायचे. कचेरीत, दुकानात, वकिलाकडे ‘उमेदवारी करणं’ म्हणजे पुढे काम मिळेल या आशेवर आधी राबणं. उमेद म्हणजे आशा. आता उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. जुना अर्थ उरलाय तो एसटीच्या आणि महावितरणच्या जाहिरातींत, ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून. इंटर्न या शब्दात ती आशा ऐकू येत नाही. 2024 मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, तेव्हा महिना पाच हजार रुपये, पाच वर्षांत एक कोटी मुलांचं उद्दिष्ट. पैसे मिळतात हे चांगलंच झालं, आमच्या वेळी तेही नव्हते. पण मुंबईत तेवढ्या पैशात पास आणि डबा निघतो, राहायची सोय नाही. जिला मावशी आहे तीच येऊ शकते. मावशी हाही कासराच की!

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दुपारी सगळे आपापले डबे घेऊन आतल्या खोलीत गेले. मी जावं की नाही, मला कळेना. कुणी हाक मारली नाही, मारायची नाही असं ठरवून नव्हे, सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने मारली असेल. मी जिन्याच्या वळणावर बसून डबा खाल्ला. आणि स्वच्छतागृह मधल्या मजल्यावर होतं, त्याला कुलूप. किल्ली ऑफिसात दाराआड खिळ्याला असायची. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि वीस वर्षांच्या मुलीने अनोळखी पुरुषांनी भरलेल्या खोलीत ते विचारायचं कसं, हे मला सुचलं नाही. सकाळी डोंबिवलीहून निघालेली मी रात्री घरी जाईपर्यंत तशीच होते. दुपारनंतर पाणी प्यायले नाही. बीमचा तक्ता मी त्या दिवशी पुरा केला. त्यात एकच चूक निघाली. साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘बघ, पोहलीस ना!’’ मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता.

गेल्या सोमवारी मी तेच वाक्य बोलले. आता माझ्या टेबलासमोर दुसरी मुलगी होती, लातूरहून आलेली. बोलताना माझा आवाज मला साहेबांसारखा वाटला. ती ‘हो मॅडम’ म्हणाली. मीही साइटवर निघून गेले, कारण स्लॅब भरायचा होता. तो खरंच भरायचा होता. तेव्हा साहेबांनाही खरंच जायचं असेल, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुचलं.

मी काय करायला हवं होतं? सगळं सांगत बसले तर तिचा हात चालणार नाही. ते सूत्रही मला अर्धं कळलं ते ड्राफ्ट्समनकाका चहाला गेल्यामुळे. बिंडा किती उन्हाळे ठेवायचा आणि तासायचा केव्हा, हे मला आजही सांगता येत नाही. आबांना विचारता आलं असतं तर त्यांनी हसून तंबाखू मळली असती. वाटतं, त्यांनाही ते ठाऊक नसावं.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे कुणी पोर पहिल्यांदा कामाला येणार असेल, तर पाण्याचं नंतर सांगा. आधी डबा कुठे बसून खायचा ते सांगा, आणि किल्ली कोणत्या खिळ्याला असते तेवढी दाखवून ठेवा.