पांढरा प्लग

बाबांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल विकायचे ठरले होते. भंगारवाला भावही करून गेला होता. कारण एकच : दिवेघाट चढताना गाडी तापे, ओढ सोडी आणि अर्ध्यावर बंद पडे.

ऑइल कमी पडत असेल, अशी माझी समजूत. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलीऐवजी ६० मिली ऑइल घालू लागलो. गाडी अधिकच तापली!

शेवटी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी प्लग खोलून माझ्यापुढे धरला. "रंग बघ."

टोक पांढरेफटक होते. धडधाकट इंजिनाचा प्लग तपकिरी असतो. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले पॅकिंग फाटून तिथून हवा शिरत होती. त्यात माझ्या जादा ऑइलने पेट्रोलचा वाटा आणखी घटवला होता. रोग वाढवणारा वैद्य मीच!

पॅकिंग बदलले, ऑइल पुन्हा ४० मिलीवर आणले. रविवारी बाबांना मागे बसवून घाट चढलो. गाडी कुठेही अडली नाही. माथ्यावर बाबा उतरले. इंजिनाजवळ हात धरून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "भंगारवाल्याला नाही म्हणून सांग."