डाव्या दाराचा ओरखडा

दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. जेवणं आटोपल्यावर विषय निघाला आपल्या वेळच्या गाड्यांचा. डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी, बँक मॅनेजरची मारुती ८००, पुणे-बंगलोर रस्त्यावर एकदाच दिसलेली आणि मग महिनाभर गप्पांना पुरलेली टाटा सिएरा. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘आणि चेअरमनची कॉन्टेसा!’ सगळे ‘आहाहा’ म्हणाले आणि लगेच माझ्याकडे वळले. ‘ह्यानंच ओरखडा काढला होता की तिला!’ जोरात हशा. ३३ वर्षं झाली त्या गोष्टीला. मीही हसलो. घरी येईपर्यंत बायकोशी एक शब्द बोललो नाही.

तर सांगून ठेवतो, तो ओरखडा मी काढलेला नाही.

जानेवारी १९९२. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, हायस्कूलचं गॅदरिंग, प्रमुख पाहुणे चेअरमन. कुठले चेअरमन हे आमच्याकडे विचारावं लागत नाही; साखर कारखान्याचे. त्यांची गडद निळी कॉन्टेसा ग्राउंडवर येऊन थांबली तेव्हा स्टेजवरच्या स्वागतगीताकडे पोरांचं लक्ष राहिलं नाही. आमची माहिती पक्की होती. १९८४ साली आली तेव्हा तिच्यात अ‍ॅम्बॅसेडरचंच इंजिन होतं, म्हणून खंबाटकीच्या घाटात ती धापा टाकायची. पुढं इसुझूचं इंजिन बसलं, मागं ‘क्लासिक’ अशी अक्षरं आली आणि गाडी खरी गाडी झाली. मारुती १००० चांगली की कॉन्टेसा, यावरून वर्गात मारामारी झालेली. मी कॉन्टेसाच्या बाजूनं मार खाल्ला होता.

हेडसरांनी स्काउटची चार पोरं गाडीभोवती उभी केली. प्रत्येकाच्या हातात काठी. ‘कुणी हात लावता कामा नये.’ ड्रायव्हर टपरीवर चहाला गेला. दोन तास आम्ही थंडीत उभे.

कार्यक्रम संपला, ड्रायव्हर आला, फडकं मारता मारता थांबला. मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा. पीटीच्या सरांनी आमच्याकडे बघितलं. तिघांच्या काठ्या हातात होत्या. माझी भिंतीला टेकवलेली होती.

‘काठी का ठेवलीस?’

मी गप्प.

‘काठीला खाली लोखंडी टोपण आहे. दिसतंय ना?’

मी गप्पच. गप्प बसला म्हणजे यानंच केलं, एवढा सोपा हिशोब. दुसऱ्या तिघांना एक प्रश्न विचारला नाही. ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही की बाबा, येताना ओरखडा नव्हता कशावरून? सगळ्या ग्राउंडसमोर माझा स्काउटचा स्कार्फ काढून घेतला आणि एका पोराला सायकलवर पिटाळून आप्पांना बोलावून आणलं.

आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक. तसेच ग्रीसच्या हातांनी आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराजवळ उकिडवे बसले आणि अंगठ्याचं नख ओरखड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. नख वर आलं तेव्हा त्यावर पांढरी भुकटी होती. वाळलेलं पॉलिश. मी बघितलं. म्हणजे गाडीला पॉलिश मारण्याआधीपासून तो ओरखडा तिथंच होता. आप्पांनी नख पँटला पुसलं आणि उभे राहिले.

‘टचिंगचे किती होतील?’

ड्रायव्हर म्हणाला, ‘अडीचशे.’ दुसऱ्या दिवशी आप्पांनी ते नेऊन दिले. त्यातला एक रुपया तरी पेंटरकडे गेला का, देव जाणे. चेअरमनना यातलं काही कळलंही नसेल.

घरी जाताना सायकलच्या कॅरियरवर मी रडत होतो. आप्पा म्हणाले, ‘जुना हाय त्यो.’

‘मग बोलला का नाही?’

‘ऊस उभा हाय आपला.’

तीस गुंठे होता. कारखान्याच्या चिटबॉयनं तोडीची पाळी मागं टाकली, तोड महिनाभर लांबली, की तुरे येऊन वजन घटतं. अडीचशेपेक्षा जास्त जातात. बरोबर होतं त्यांचं. अजूनही मला ते बरोबर वाटतं आणि अजूनही राग जात नाही.

एक गोष्ट मात्र मी आप्पांना सांगितली नाही. काठी मी का ठेवली? कारण मला गाडीला हात लावायचा होता. काठी हातात असती तर तिचं टोपण लागून चरा उठला असता, म्हणून आधी ती नीट भिंतीला टेकवली. मग बॉनेटवरून हात फिरवला. इंजिन गार झालं होतं, तरी पत्रा किंचित कोमट वाटला. हे त्या वेळी बोललो असतो तर कदाचित सुटलो असतो. पण ‘हात लावला’ हेही कबूल करायची माझी टाप नव्हती. आप्पा २०११ साली गेले.

लोक उसासे टाकतात, काय गाड्या होत्या! काही नव्हतं. इंग्लंडात व्हॉक्सहॉलनं सत्तरच्या दशकात विकून संपवलेल्या मॉडेलचा साचा उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात पुन्हा वापरला गेला आणि आम्ही त्याला विलायती थाट समजलो. फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणाऱ्या देशाला कशाचंही अप्रूप वाटणार. आणि शाळांनी एक करावं, पाहुण्यांच्या गाड्यांना पोरं राखण बसवणं बंद करावं. अजून बसवतात. परवाच बघितलं.

गेल्या दिवाळीत कराडच्या पुढं एका गॅरेजच्या आवारात कॉन्टेसा दिसली. गाडी बंद होऊनही २० वर्षं उलटून गेली असतील; २००२ साली उत्पादन थांबलं. मी आधी डाव्या बाजूला गेलो, मागचं दार बघायला. दारावर लांबी भरलेली, खाली काय होतं ते कळायला मार्ग नाही. माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागं गेले होते.

गॅरेजवाला म्हणाला, ‘बसून बघा की साहेब.’

बसलो नाही. किंमत मात्र विचारली. परवडणारी होती. फोन नंबर लिहून आणलाय, पाकिटात आहे. घरी अजून कुणाला बोललेलो नाही.