पृथ्वीच्या उलट फिरणारी बैठक

आकाशाचीं चांगलीं छायाचित्रें मोठ्या दुर्बिणीवांचून निघत नाहींत, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा व त्यांच्या पालकांचा समज दिसतो. आमचा अनुभव निराळा आहे. या कामीं खरी अडचण भिंगाची नसून पायांखालच्या पृथ्वीची आहे. ती २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत एक गिरकी पुरी करते. २०० मिलिमीटरांचें भिंग लावलेला कॅमेरा मृग नक्षत्राकडे रोखून स्थिर ठेवला, तर एका सेकंदांतच तारा चित्रांतील तीन ठिपके ओलांडून जातो आणि बिंदूच्या जागीं रेघ उमटते.

हेन्री ड्रेपर यांनीं ३० सप्टेंबर १८८० रोजीं अमेरिकेंत मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें, तेव्हां त्यांस ११ इंची दुर्बीण ५१ मिनिटें ताऱ्यांमागें चालवावी लागली. तें चालविण्याचें काम आतां किलोभर वजनाची एक पेटी चार पेन्सिल सेलांवर करते. आमच्या पेटींत एक बारीक मोटार मळसूत्री दांडा फिरवते व तो दांडा १४४ दातांचें चक्र हळूहळू पुढें ढकलतो. दांड्याच्या एका फेऱ्यास सुमारें दहा मिनिटें लागतात.

पेटीचा आंस ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा त्या बिंदूपासून सुमारें दोन-तृतीयांश अंश दूर असल्यामुळें, नुसता ताऱ्यावर नेम धरून भागत नाहीं. शिवाय लंडनांत ध्रुव साडेएकावन्न अंश उंच असतो, तर आम्ही जेथें जातों त्या वांगणीस तो अवघा १९ अंश! आंस जवळ जवळ आडवा पडतो आणि कॅमेऱ्याचा सारा भार उत्तरेकडे झुकतो. म्हणून तिवईचा एक पाय नेमका उत्तरेस ठेवावा. हें लहानसें तत्त्व छापील माहितीपत्रकांत आम्हांस कोठें आढळलें नाहीं.

स्क्रू आवळतांच आंसाचा कोन किंचित सरकत असे, म्हणून खालचा तुकडा आम्हीं लेथवाल्या कारागिराकडून जाड ॲल्युमिनियमचा करवून घेतला. कॅमेऱ्याच्या समोर, आटे पाडलेल्या सळईवर, एक लोखंडी वजन बसविलें. पूर्वेची बाजू जाणूनबुजून थोडी जड ठेवली आहे; त्यामुळें चक्राचे दात दांड्यास सतत टेकून राहतात.

दांड्याचा दोष काढण्याआधीं तो मोजणें अवश्य होतें. आंस ध्रुवापासून मुद्दाम थोडा ढळवून वीस मिनिटें एक तारा टिपला. चित्रांत सरळ रेघेऐवजीं सर्पाकार लाट उमटली. दर दहा मिनिटांस एक वळसा, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० विकला! मग झांकण उघडून जुनें वंगण पुसलें, नवें लावलें व एलन कीनें दांडा चक्राच्या थोडा जवळ आणला. फार जवळ नेला तर मोटार अडते, दूर ठेवला तर चक्र डुलतें. तीन रात्री या अर्ध्या वळशाच्या खेळांत गेल्या. (पालकांनीं या जागरणाचा राग यंत्रावर काढूं नये.) अखेर लाट ३६ विकलांवर आली. याहून ती उतरेना. परंतु ३० सेकंदांच्या चित्रांत तेवढ्यानें तारा दीड ठिपकाही हलत नाहीं, आणि ३० सेकंद आम्हांस पुरेसे आहेत.

गेल्या पौष अमावास्येस अशीं १२० चित्रें घेऊन संगणकावर एकावर एक रचलीं. त्यानें चित्रांतील गढूळपणा तेजाच्या मानानें सुमारें अकरा पटींनीं कमी होतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं तेजोमेघाचे दोन्ही पंख स्पष्ट उमटले. तो प्रकाश सुमारें १३०० वर्षांपूर्वीं निघाला, तेव्हां महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता.

मध्यभागीं मात्र नुसता पांढरा डाग आला आहे. तेथील चार ताऱ्यांची चौकडी वेगळी दिसावी, तर पांच पांच सेकंदांचीं चित्रें निराळीं घ्यावीं लागतील. तीं पुढच्या हिवाळ्यांत घेण्याचें ठरविलें आहे.