भूमीशीं देवघेव

घराच्या पुनर्बांधणीचा विचार निघाल्यापासून आमच्या कुटुंबांत दोन पक्ष पडले आहेत. स्वीडनमधील उप्साला येथें स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याच्या घरास भूमीच्या पोटांतून ऊब मिळते. तशीच योजना पुण्यासही करावी, असा तरुण मंडळींचा आग्रह. वडील मंडळींस तें परदेशी खूळ वाटतें. पैसा सर्वांचा एकत्र; आणि ऐंशी उलटलेल्या मातोश्रींना वैशाखांत दुपारीं डोळा लागत नाहीं, ही चिंताही सर्वांची. तेव्हां या यंत्राचें मर्म समजून घेणें आम्हांस कर्तव्य वाटलें.

मूळ तत्त्व आपल्या जुन्या माणसांस अपरिचित नाहीं. पौषांत पहाटे विहिरीचें पाणी कोमट लागतें, तेंच चैत्रांत गार लागतें. पाणी फारसें बदलत नाहीं; बदलते ती वरची हवा. दहा-बारा मीटर खालीं गेलें कीं जमिनीचें उष्णमान बारा महिने जवळजवळ एकच राहतें, व तें त्या गांवच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतें. उप्सालाकडे तें सुमारें ७-८ अंश सेल्सिअस भरतें.

इतक्या थंड खडकानें घर कसें तापावें? येथें स्वयंपाकघरांतील फ्रिज आठवावा. आंतल्या थंड भाज्यांतूनही उष्णता ओढून तो बाहेर टाकतो. म्हणून त्याच्या पाठीशीं हात नेला असतां ऊब लागते. पुतण्याच्या अंगणांत खडकाला सुमारें १५० मीटर खोल छिद्र पाडून त्यांत प्लॅस्टिकची दुहेरी नळी सोडली आहे. तींतून पाणी व मद्यार्क यांचें न गोठणारें मिश्रण अखंड फिरतें. पाणी मात्र उपसलें जात नाहीं. खडकाची ऊब घेऊन मिश्रण वर आलें कीं तेवढ्यानेंच यंत्रांतील शीतकद्रव्य उकळतें. त्याची वाफ दाबली असतां तापते, व ती उष्णता फरशीखालच्या नळ्यांतील पाण्यास देऊन पुन्हा द्रवरूप होते. वीज लागते ती मुख्यतः दाबण्यापुरती. म्हणून विजेच्या एका युनिटामागें घरास तीन ते चार युनिट उष्णता मिळते.

कल्पना जुनीच आहे. यंत्रानें इमारती तापविण्याचा व निवविण्याचा विचार विल्यम थॉमसन, पुढें लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८५२ सालीं मांडला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडननें तेलावरचें अवलंबन कमी करण्याचा ध्यास घेतला, आणि आज तेथील लाखों घरें अशी ऊब घेतात. उन्हाळ्यांत तेंच मिश्रण घरांतील उष्णता खडकांत नेऊन सोडतें. हिवाळ्यांत कर्ज काढावें व उन्हाळ्यांत फेडावें, असा हा व्यवहार आहे.

पुण्यास या खातेवहीची एक बाजू कोरी राहते. येथील खोल जमीन पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असावयाची. बाहेर चाळीस अंश असतां तींत उष्णता टाकणें हें तप्त हवेंत टाकण्याहून सोपें, हें खरें. पण आपणांस घर तापवावें लागत नाहीं. वर्षानुवर्षें नुसती उष्णता टाकीत गेलें तर नळीभोवतालची जमीन तापते आणि यंत्राचा लाभ घटत जातो. खोदाईचा खर्च तर आधींच झालेला असतो.

तथापि वडील मंडळींचा पक्षही पुरता खरा नव्हे. आमच्या अकरा माणसांच्या घरांत स्नानाचें पाणी बारा महिने तापतें. मातोश्रींच्या खोलींतून काढलेली उष्णता प्रथम त्या पाण्यास दिली, व थंडींत थोडी जमिनींतून परत घेतली, तर कोरी बाजू कांहीं अंशीं भरते. म्हणून आम्हीं असें सुचविलें आहे: आधीं गच्चीस पांढरा लेप व पश्चिमेच्या खिडक्यांस सावली करावी, म्हणजे काढावयाची उष्णताच कमी होईल. मग वर्षाकाठीं जमिनींत किती जाणार व किती निघणार, याचा आंकडा जाणत्या इंजिनियराकडून लेखी घ्यावा. तो जुळला तर तरुणांचें ऐकावें. न जुळल्यास मातोश्रींच्या खोलीस साधें वातानुकूलन यंत्र बसवून बाकीचा पैसा राखावा. पुतण्याचा हिशेब त्याच्या हिवाळ्यानें जुळविला; आमचा आम्हांस न्हाणीघरापासून मांडावा लागेल.