ऐकलेली संहिता

विद्वानाला आपण आजही ‘बहुश्रुत’ म्हणतो. ‘बहुपठित’ हा शब्द संस्कृताच्या नियमांत बसणारा असला तरी मराठीत तो तितकासा रुजलेला नाही. पुष्कळ ऐकले तो जाणता, ही जुनी समजूत या एका विशेषणात टिकून राहिली आहे. बौद्ध परंपरेत शिष्याला ‘श्रावक’ म्हणतात. त्याचाही अर्थ ऐकणारा असाच. असे असूनही श्राव्य पुस्तकाकडे, म्हणजे ज्याला आता सर्रास ऑडिओबुक म्हटले जाते त्याकडे, आपली समीक्षा एक सोय म्हणूनच पाहत आली आहे. थकलेल्या डोळ्यांना विसावा, प्रवासातील विरंगुळा, याहून अधिक काही त्यात असेल असे ती गृहीत धरीत नाही. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री आणि सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणारा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता हे गेली काही वर्षे माझे श्रवणाचे मुख्य ठिकाण राहिले आहे. त्या रस्त्यावर मी रहस्यकथा ऐकल्या, भयकथा ऐकल्या, आणि रॉक संगीतकारांची आत्मचरित्रेही ऐकली. त्यातून बनलेले मत असे की, श्राव्य पुस्तक ही छापील पुस्तकाची प्रत नसते, तर त्याचे एक अर्थनिर्णयन असते. आणि त्याचे मूल्यमापनही त्याच नात्याने व्हावयास हवे.

‘आलास तू?’ हे दोनच शब्द घ्या. छापील पानावर त्यांत आनंद असू शकतो, उपहास असू शकतो, दीर्घ प्रतीक्षेचा शीणही असू शकतो. मूकवाचन करणारा वाचक यांपैकी दोन-तीन शक्यता एकाच वेळी मनात बाळगू शकतो आणि पुढच्या पानावर त्यांतील एक सोडून देऊ शकतो. इन्गार्डन यांनी साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या जागांचा विचार मांडला आणि इझर यांनी वाचकाने भरावयाच्या रिकाम्या जागांचा. ते दोन्ही विचार मूकवाचकालाच समोर ठेवून केलेले आहेत. आवाजाला ही मुभा नाही. उच्चार करावयाचा तर एक सूर निवडावाच लागतो, आणि निवडलेला सूर बाकीच्या सुरांना बाद करतो. म्हणून श्राव्य पुस्तकात रिकामी जागा भरणारा पहिला वाचक म्हणजे वाचिक कलावंत. श्रोत्याच्या वाट्याला येते ती आधीच वाचली गेलेली संहिता.

रहस्यकथेच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची योजना १९३५ साली सुरू झाली, तेव्हा प्रथम उपलब्ध झालेल्या पुस्तकांत कॉनरॅड यांच्या ‘टायफून’बरोबर ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही कादंबरी होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हा या योजनेमागचा एक मोठा विचार होता, आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे. हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. १९२६ च्या या कादंबरीत निवेदकच गुन्हेगार ठरतो. पान वाचणाऱ्याला निवेदक दिसत नाही, फक्त त्याची वाक्ये दिसतात. ऐकणाऱ्याच्या कानाशी मात्र तो प्रत्यक्ष बोलत असतो. वाचणाऱ्या कलावंताला शेवट ठाऊक आहे, परंतु तो आवाजात उतरता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला तोच आवाज अप्रामाणिकही वाटता कामा नये. म्हणजे संहितेने जे लपविले ते आवाजानेही लपवावयाचे, पण खोटे न बोलता. रहस्यकथेला हलके साहित्य मानणाऱ्यांनी हे वाचन एकदा स्वतः करून पाहावे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा कित्येक घरांत एकाने मोठ्याने वाचावयाच्या आणि इतरांनी ऐकावयाच्या, असाही प्रघात होता. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठी श्राव्य पुस्तकांना मोठी बाजारपेठ मिळाली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा पुन्हा एका नव्या पिढीच्या कानी पडू लागल्या. या ऐकण्यातून माझ्या ध्यानी आलेली गोष्ट अशी की, धारपांचे भय त्यांच्या सपाट, जवळजवळ कारकुनी निवेदनात असते. घर, जिना, खोली, दिवा यांची नोंद शांतपणे होत राहते आणि त्या शांततेतच काहीतरी बिनसते. ज्या वाचनात आवाज पहिल्याच परिच्छेदापासून थरथरतो आणि पार्श्वसंगीत आधीच इशारे देऊ लागते, तेथे भय उरत नाही, भयाची केवळ घोषणा उरते. उलट ज्या कलावंताने खातेवहीतील नोंद वाचावी तसे वाचले, त्याच्या वाचनात सिल्लोडच्या पुढे भर दुपारी मला गाडी थांबवावीशी वाटली.

येथे काळाचा मुद्दाही येतो. पानावर घाई करणारा वाचक ओळी गाळू शकतो, शेवटचे पान उघडू शकतो. श्रवणात काळ आवाजाच्या ताब्यात असतो. उत्कंठेचा तो मोठा आधार होय. गती दीडपट करण्याची सोय वापरणारा श्रोता हा ताबा परत घेतो खरा, पण त्याबरोबर विरामाचाही बळी देतो. रहस्यकथेत विराम हे वाक्याइतकेच अर्थवाही असतात, हे गती वाढविल्यावरच नीट कळते.

रॉक संगीतकारांच्या आत्मचरित्रांत प्रश्न वेगळा होतो, कारण तेथे आवाज हीच चरित्रनायकाची मूळ ओळख असते. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी ‘बॉर्न टू रन’ (२०१६) स्वतः वाचले आहे. पॅटी स्मिथ यांनी ‘जस्ट किड्स’ (२०१०) स्वतः वाचले आहे. लज्यून यांनी आत्मचरित्राचा करार लेखक, निवेदक आणि नायक यांच्या नावाच्या एकत्वावर उभा केला. येथे त्या करारावर कंठाचीही सही होते. विशीतील धडपड साठी ओलांडलेल्या गळ्यातून ऐकू येते, आणि निवेदन करणारा ‘मी’ व अनुभव घेणारा ‘मी’ यांच्यातील जे अंतर छापील पानावर तर्काने जाणावे लागते ते येथे कानाला थेट जाणवते. बार्थ ज्याला आवाजाचा पोत म्हणतात, त्याचा हा गद्यातील प्रत्यय होय. मात्र यातच एक मोहही आहे. श्वास कोठे घ्यावा, शब्द कोठे किंचित फाटू द्यावा, हे गायकाला आयुष्यभराच्या सरावाने ठाऊक असते. त्यामुळे कबुलीच्या जागी आवाज जड झाला म्हणजे कबुली खरी ठरली, असे मानण्याचे कारण नाही. प्रांजळपणा हीदेखील एक गायकी असू शकते.

याच्या उलट उदाहरण बॉब डिलन यांचे. ‘क्रॉनिकल्स’चा पहिला खंड (२००४) शॉन पेन या अभिनेत्याने वाचला आहे. विसाव्या शतकातील अत्यंत परिचित आवाजांपैकी एकाचे आत्मकथन परक्या आवाजात ऐकताना श्रोत्याच्या मनात मूळ आवाज सतत घुमत राहतो. माझ्या मते ही उणीव नाही. स्वतःला सरळपणे कधीच हाती लागू न देणाऱ्या लेखकाला हा दुसऱ्याचा गळा शोभून दिसतो. कीथ रिचर्ड्स यांच्या ‘लाइफ’मध्ये (२०१०) तर जॉनी डेप, जो हर्ली आणि काही भागांत स्वतः रिचर्ड्स असे तीन आवाज आहेत. एका ‘मी’साठी तीन कंठ, ही घटना कथनमीमांसेच्या अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

आपल्याकडे संगीतकारांची आत्मकथने कमी नाहीत. गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत-व्यासंग’, शाहीर साबळे यांचे ‘माझा पवाडा’, सुधीर फडके यांचे अपुरे राहिलेले ‘जगाच्या पाठीवर’ ही सहज आठवणारी नावे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाल्यापासून फडक्यांचा आवाज घराघरांत वस्तीला आहे. त्यांचे आत्मकथन कोणीही वाचावयास घेतले तरी त्याला त्या आवाजाच्या शेजारी बसूनच वाचावे लागणार.

अजिंठ्याला पोहोचल्यावर हाच प्रश्न भिंतीवर भेटतो. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाचे मोठे चित्र आहे. व्यापारी सिंहलाचे जहाज फुटणे, राक्षसिणींचे बेट, शुभ्र अश्वावरून सुटका, पाठलाग करीत आलेली राक्षसी, आणि अखेर सैन्यासह स्वारी. परंतु हे प्रसंग कालक्रमाने मांडलेले नाहीत. अजिंठ्याच्या चित्रकथनात स्थळानुसार प्रसंग एकत्र येतात, हे दीटर श्लिंगलॉफ यांनी दाखविले. विद्या दहेजिया यांनी त्याला कथनाच्या जाळ्याची उपमा दिली. म्हणजे कथेचा क्रम भिंत सांगत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो. मी एका वाटाड्याला जहाजापासून सुरुवात करताना ऐकले आहे आणि दुसऱ्याला हत्ती-घोड्यांच्या स्वारीपासून. पहिल्याची कथा फसलेल्या माणसाची झाली, दुसऱ्याची विजेत्याची. दोघेही भिंतीशी प्रामाणिक होते. दुसऱ्या लेण्यात तर आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील श्लोक चित्राजवळ लिहिलेले आहेत, चित्र, लेखन आणि कथन यांना येथे एकमेकांची सोबत होती. वाटाड्याचे कथन हवेत विरते आणि भिंत पुढच्या कथनासाठी मोकळी राहते. श्राव्य पुस्तकात मात्र एक कथन कायमचे गोठते, आणि पुढे पुष्कळांसाठी तेच पुस्तक ठरते.

हे गोठणे मराठवाड्याला विशेष जाचक ठरू शकते. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, इकडच्या बोलीत सांगितलेली आहे. लिपी बोलीचे शब्दरूप दाखविते. तिची लय, हेल, वाक्याच्या शेवटी आवाज टाकण्याची रीत दाखवीत नाही. लातूर-धाराशिवकडचा वाचक हे सारे स्वतःच्या कानातून पुरवितो. अशा कादंबरीला रंगभूमी आणि चित्रपट यांनी घडविलेला सरसकट ‘ग्रामीण’ हेल मिळाला, म्हणजे कोणत्याच गावात न बोलली जाणारी बोली मिळाली, तर पारबतीच्या तोंडून तिचे गावच काढून घेतले जाईल. आता तर यंत्राने घडविलेले कृत्रिम आवाजही पुस्तके वाचू लागले आहेत. त्यांचा धोका चुकीच्या उच्चारापेक्षा निर्गाव उच्चाराचा अधिक आहे. पण त्याच्या उलटही होऊ शकते. ती बोली ज्यांच्या घरात आहे अशा कोणी ही कादंबरी वाचली, तर बोली केवळ ‘आंचलिक’ म्हणून अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर ती प्रथमच पूर्ण रूपात पडेल. त्या दृष्टीने हे काम तातडीचे आहे, कारण पुस्तके टिकली तरी ती बोलणारे कंठ पिढीगणिक बदलत आहेत.

मराठी गद्याचा आरंभग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ हेही ऐकण्यातूनच उभे राहिले. म्हाइंभटाने आठवणी ज्यांच्याकडून मिळतील त्यांच्याकडून मिळविल्या, आणि पुढच्या परंपरेने भिन्न पाठांचे ‘शोध’ त्यांच्या त्यांच्या नावानिशी जपले. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याची घाई तिने केली नाही. श्राव्य पुस्तकांच्या समीक्षेला हा घरचाच धडा पुरेसा आहे. परीक्षण लिहिताना पुस्तक कोणी वाचले, कोणत्या आवृत्तीवरून वाचले, संक्षेप केला काय, आणि कोठे कोणता सूर निवडला, हे सांगणे तिचे पहिले काम व्हावे. आणि एका महत्त्वाच्या कृतीची दोन-तीन वाचने उपलब्ध व्हावीत, असा आग्रह विद्यापीठांच्या मराठी विभागांनी धरावा. संहितेत मोकळी असलेली जागा एका आवाजाने भरली, तरी दुसऱ्या आवाजाला ती पुन्हा उघडता येते.